हसण्याने कामाचा ताण जातो का?

मे संपत आला की जळगाव-भुसावळ पट्ट्यात दोन गोष्टी एकदमच तापतात, ऊन आणि बँकेतली रांग. खरिपाचं पीककर्ज हवं असतं, कपाशीचं बियाणं घ्यायचं असतं, हातात सातबारा-आधारच्या झेरॉक्सची सुरळी असते आणि नेमका सर्व्हर बसलेला असतो. काउंटरपलीकडे एकच कारकून, आणि त्याच्या डोक्यावर भिंतीला पाटी: ‘हसतमुख सेवा हीच आमची ओळख’. पाटीचा मजकूर ठरवणारा त्या वेळी कुठल्यातरी एसी हॉलमध्ये बसलेला असतो, हे वेगळं सांगायला नको.

असली पाटी आता साडीच्या दुकानात असते, दवाखान्याच्या रिसेप्शनवर असते, पेट्रोलपंपावरही असते. कंपनीत ट्रेनिंग असलं की शेवटची स्लाइड ठरलेली: ताण आला? हसा! व्हॉट्सॲपवर त्याला शास्त्राची फोडणी मिळते. नुसतं हसल्यासारखं केलं तरी मेंदू फसतो आणि ताण पळतो, म्हणे. हे धादांत खोटं असतं तर दोन ओळींत निकाल लावता आला असता. पण त्यात तथ्य आहे. हसण्याचा शरीरावर परिणाम होतो आणि तो मोजलाही गेला आहे. फक्त तो लहान आहे, आणि हसायचं कुणी ठरवलं, तुम्ही की तुमच्या साहेबांनी, यावर तो उलटूही शकतो. पाटी लावणारे हा दुसरा भाग कधी सांगत नाहीत.

ताण चढतो, पण उतरतो का?

समजा, महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, ‘‘तुमच्या टार्गेटचं काय झालं?’’ तुम्ही खुर्चीत बसलेले आहात, कुणी अंगावर धावून आलेलं नाही. तरीही मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग धोक्याचा निरोप सोडतो. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथींमधून ॲड्रिनॅलिन रक्तात येतं. छाती धडधडते, तळहातांना घाम फुटतो, घसा कोरडा पडतो. हे सगळं काही सेकंदांत. मागोमाग त्याच ग्रंथींमधून कॉर्टिसोल येतं आणि रक्तातली साखर वाढवून शरीराला जास्तीचं इंधन पुरवतं. पचनासारखी ‘नंतर बघू’ छापाची कामं मागे पडतात. अशा मीटिंगनंतर डब्यातली कळण्याची भाकरी आणि भरीतही घशाखाली उतरत नाही, ते यामुळेच.

हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं की कारण थंडी असो, जखम असो की अतिश्रम, शरीराचा प्रतिसाद बराचसा एकाच साच्याचा असतो. म्हणजे साहेबांचा चढलेला आवाज आणि कपाशीत अचानक समोर आलेला नाग, दोन्हींसाठी शरीराकडे यंत्रणा एकच. फरक पुढे पडतो. नाग निघून जातो, माणूस बांधावर टेकतो, पाणी पितो, आणि थोड्या वेळात नाडी जागेवर येते. साहेब मात्र जात नाहीत. मीटिंग संपते तोवर मेल येतो, मेल वाचून होतो तोवर फोन वाजतो, आणि रात्री जेवताना ऑफिसच्या ग्रुपवर ‘उद्या सकाळी दहापर्यंत रिपोर्ट पाहिजे’ असा निरोप पडतो.

म्हणून ताणाबद्दल बोलताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. तो किती चढतो हा एक, आणि चढल्यावर किती लवकर उतरतो हा दुसरा. चढण्याने फारसं बिघडत नाही. परीक्षेच्या, सामन्याच्या, पहिल्या भाषणाच्या वेळी तो चढलाच पाहिजे. बिघडतं ते न उतरण्याने. महिनोन्‌महिने न उतरलेला ताण झोप खातो, रक्तदाब वाढवतो, हृदयाला भोवतो. हसण्याचा जो काही उपयोग आहे तो मुख्यतः या उतरण्याच्या बाजूला आहे, हे ध्यानात ठेवा.

आणखी एक, खास आपल्याकडचं. ४४-४५ अंशांत शरीर स्वतःला थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त पाठवतं, त्यामुळे हृदय तसंही जास्त ठोके देत असतं. रावेर-सावद्याच्या बाजूला केळीचे घड वाहून ट्रकपर्यंत आणणाऱ्या मजुराच्या शरीरावर कामाआधीच उन्हाचा ताण चढलेला असतो. त्याला ‘हसत राहा’ म्हणणं ही थट्टा आहे. त्याला पाणी पाहिजे, सावली पाहिजे आणि दुपारी सुट्टी पाहिजे. हा लेख मुख्यतः माणसांशी तोंड देण्याच्या कामाबद्दल आहे: काउंटर, दुकान, वॉर्ड, बस, फोन.

हसू डोळ्यांत असतं

लग्नसराईत बस्त्याला जाऊन बसलात की हे जवळून बघायला मिळतं. गादीवर नवरीची आई, मावशी, दोन मामी. समोर विशीतली सेल्सगर्ल. ती एकेक साडी झटकून उलगडते, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवते, काठावरून बोट फिरवत जर कशी आहे ते सांगते. ‘‘हाऊ रंग नको वं माय, दुसरा दखाड.’’ ती दुसरा काढते. मग तिसरा. मग वरच्या फळीवरचा. गादीवर साड्यांचा डोंगर होतो आणि तासाभराने मावशी उठते: ‘‘घर इचारीसन येतस.’’ मुलगी हसून म्हणते, ‘‘या ना, मावशी.’’ ओठांचे कोपरे वर गेलेले असतात, दात दिसत असतात. डोळे मात्र जागचे हललेले नसतात. ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे किंवा घड्या घालायच्या ढिगाकडे लागलेले असतात.

या फरकाचं शास्त्र जुनं आहे. ग्योम द्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टराने चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेचा सौम्य झटका देऊन कोणता स्नायू काय करतो हे टिपलं आणि १८६२ मध्ये छापलं. गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा एक स्नायू ओठ वर खेचतो. तो आपल्या हुकमात असतो. फोटोग्राफर ‘स्माइल’ म्हणाला की आपण तोच वापरतो. दुसरा स्नायू डोळ्याभोवती गोल फिरतो. तो आवळला की गाल वर चढतात, डोळे बारीक होतात, कडेला सुरकुत्या पडतात. द्यूशेनचं म्हणणं होतं की हा दुसरा स्नायू हुकूम ऐकत नाही, त्याला मनातला खरा आनंदच हलवतो. पुढे दिसून आलं की काही जणांना तोही मुद्दाम हलवता येतो. पण डोळ्यांपर्यंत पोचलेल्या हसण्याला संशोधक आजही द्यूशेनचंच नाव देतात.

दातात पेन धरून काय कळलं

आपण आनंदी असतो म्हणून हसतो, हे कुणालाही ठाऊक असतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्ये हे उलटं करून विचारलं: आधी शरीर हलतं आणि त्या हालचालीची जाणीव म्हणजेच भावना, असं तर नसेल? तसं असेल तर चेहरा हसरा केल्यावर मनही थोडं त्या बाजूला सरकायला हवं.

१९८८ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ स्ट्रॅक आणि सहकाऱ्यांनी याची मोठी गमतीशीर परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांना ‘हसा’ म्हटलं की त्यांना प्रयोगाचा सुगावा लागणार. म्हणून काहींना पेन दातांत धरायला सांगितलं आणि काहींना ओठांत. दातांत पेन धरलं की चेहरा आपोआप हसल्यासारखा होतो. ओठांत धरलं की हसताच येत नाही. (आत्ता हाताशी पेन असेल तर करून बघा, फक्त आजूबाजूला साहेब नाहीत ना ते पाहून.) मग दोघांना व्यंगचित्रं दाखवली. दातांत पेन धरलेल्यांना ती जास्त मजेशीर वाटली. हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत गेला आणि तिथून ट्रेनिंगच्या स्लाइडवर. आजही ट्रेनर सांगतात तो किस्सा बहुतेक हाच असतो.

पुढचा भाग स्लाइडवर नसतो. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तोच प्रयोग जवळपास १,९०० माणसांवर पुन्हा केला आणि एकूण हिशेबात परिणाम दिसलाच नाही. मग वाद पेटला. २०१९ मध्ये या विषयावरच्या १३८ अभ्यासांची एकत्र बेरीज मांडली गेली: परिणाम आहे, पण बारीक. आणि २०२२ मध्ये १९ देशांतल्या ३,८७८ लोकांवर एक मोठा संयुक्त प्रयोग झाला. त्यात दोन्ही बाजूंचे, मानणारे आणि न मानणारे, संशोधक एकत्र बसले होते. हसऱ्या फोटोची नक्कल केली किंवा सांगितल्याप्रमाणे ओठांचे कोपरे आणि गाल वर नेले, तर माणसांना थोडंसं बरं वाटलं. पेनच्या युक्तीबद्दल मात्र ठाम काही हाती लागलं नाही.

शास्त्र असं चालतं, आणि माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात चांगला भाग तो आहे. एक देखणा निकाल लागला, तो डळमळला, भांडणारे एकत्र आले, आणि हाती आलं ते आधीपेक्षा लहान पण भरवशाचं उत्तर.

हे झालं आनंदाबद्दल. ताणाबद्दल थेट प्रयोग २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात झाला. तारा क्राफ्ट आणि सारा प्रेसमन यांनी लोकांना तोंडात चॉपस्टिक म्हणजे जेवायच्या काड्या धरायला लावल्या. कुणाचा चेहरा कोरा, कुणाचं हसू ओठांपुरतं, कुणाचं डोळ्यांपर्यंत. त्या अवस्थेत त्यांना त्रासदायक कामं दिली. आरशात बघून नेहमीच्या नसलेल्या हाताने चांदणी गिरवा, मग हात बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवा. काम संपल्यावर शरीर जागेवर येत असताना हसऱ्या चेहऱ्यांच्या हृदयाचे ठोके कोऱ्या चेहऱ्यांपेक्षा कमी होते. डोळ्यांपर्यंतच्या हसण्याचा फायदा किंचित जास्त.

यात काय दिसलं नाही, तेही बघा. बर्फाचं पाणी कोमट झालं नाही. चांदणी सोपी झाली नाही. हसण्याने त्रास संपला नाही, त्रासातून बाहेर पडणं जरा लवकर झालं. आणि तो ताण काही मिनिटांचा होता, ज्याचा शेवट कधी होणार हे सगळ्यांना माहीत होतं. तीन महिने थकलेल्या पगाराबद्दल हा प्रयोग काही सांगत नाही.

हुकमी हसू महाग पडतं

आता उलटी बाजू. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये मांडलं की काही नोकऱ्यांत हात आणि डोकं यांच्याबरोबर भावनाही कामाला जुंपलेल्या असतात. विमानातल्या हवाईसुंदरीला हसण्याचा पगार मिळतो. कर्ज वसूल करणाऱ्याला उलटं, न विरघळण्याचा. गावोगावी बचत गटाच्या बैठकीत हप्ता घ्यायला येणारा मोटारसायकलवरचा पोरगा आठवा. घरी आजारी आई असलेल्या बाईसमोर चेहरा कडक ठेवणं हेही त्याच्या कामातच धरलेलं असतं, पण पगाराच्या स्लिपवर त्याची ओळ नसते.

या भावनांच्या कामाचे दोन प्रकार हॉकशील्डबाईंनीच वेगळे केले होते, आणि पुढच्या संशोधकांनी, त्यांत ॲलिशिया ग्रँडी यांचं नाव प्रमुख, ते तपासून बघितले. एकात माणूस नुसता चेहरा बदलतो; आत राग तसाच, वर हसू. दुसऱ्यात तो आधी आतलं वाटणं बदलायचा प्रयत्न करतो आणि चेहरा मागाहून येतो. बाहेरून दोन्ही सारखीच दिसू शकतात. शरीराला मात्र फरक कळतो. वरवरचं हसू रोज वापरणाऱ्यांत थकवा आणि नोकरीबद्दलचा वीट जास्त आढळतो, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलेलं आहे.

२०११ मध्ये अमेरिकेत बसच्या ड्रायव्हरांवर असा अभ्यास झाला. तिथे चढणाऱ्या प्रवाशाकडे पाहून ड्रायव्हरने हसायचं असतं. (आपल्याकडे एसटीच्या ड्रायव्हरकडून ही अपेक्षा कुणी करत नाही, प्रवाशांशी तोंड देणं कंडक्टरच्या वाट्याला.) ज्या दिवशी ड्रायव्हर वरवरचं हसत राहिले त्या दिवशी त्यांचा मूड आणखी उतरला आणि कामातून अंग काढून घ्यायची इच्छा वाढली. ज्या दिवशी त्यांनी मनात काही चांगलं आणून हसायचा प्रयत्न केला त्या दिवशी मूड सुधारला. दोन्ही परिणाम स्त्रियांत जास्त ठळक होते.

असं का होत असावं? एक कारण असं की भावना दाबणं हेच मेहनतीचं काम आहे. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९० च्या दशकात लोकांना अस्वस्थ करणाऱ्या फिल्म दाखवल्या आणि काहींना बजावलं, चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. त्यांचे चेहरे शांत दिसले, पण आतून वाईट वाटणं कमी झालं नाही, आणि हृदय-रक्तवाहिन्यांवरचा ताण उलट वाढला. २००३ मधल्या एका अभ्यासात तर समोर बसलेल्या माणसाचाही रक्तदाब वाढलेला आढळला, जेव्हा बोलणारी व्यक्ती भावना दाबून बोलत होती. म्हणजे काउंटरवरच्या ताईंनी राग गिळून हसू चिकटवलं, तर त्याची झळ रांगेतल्या आबांपर्यंतही पोचू शकते. दोघांनाही कळत नाही, काय खटकतंय ते.

हुकमी हसण्याचा हा बोजा सगळ्यांवर सारखा पडत नाही, हेही बोलायला हवं. साहेब कपाळाला आठ्या घालून फिरले तर ‘कामाचं टेन्शन आहे’. रिसेप्शनवरची मुलगी न हसता बोलली तर ‘तोंड वाकडं करते’. नर्स, आशाताई, सेल्सगर्ल यांच्याकडून हसू गृहीत धरलं जातं, आणि घरी गेल्यावर पुन्हा तीच अपेक्षा. त्यांना हसण्याचा सल्ला नव्याने द्यायची गरज नाही. त्यांच्या वाट्याला न हसण्याची मोकळीक दिवसातून थोडी तरी यावी, ही गरज जास्त खरी आहे.

टपरीवरचं हसू

पाटीवरचं हसू आणि टपरीवरचं हसू ही दोन वेगळी जनावरं आहेत. दुपारी चारला एमआयडीसीच्या गेटबाहेर चहाला जमलेली मंडळी बघा. ‘‘काय भो, आज तोंड का बरं उतरेल शे?’’ एवढ्यावरून सुरुवात होते, कुणीतरी सुपरवायझरच्या चालण्याची नक्कल करतं आणि सगळे कपातला चहा सांडेपर्यंत हसतात. त्यात विनोद म्हणावा असं काही नसतं. दुसऱ्या दिवशी घरी सांगायला गेलं तर बायको म्हणते, यात हसण्यासारखं काय?

रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाने वर्षानुवर्षं बाजारात, रस्त्यावर माणसं कशावर हसतात याची नोंद केली. त्यांना आढळलं की माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो, आणि बहुतेक हसणं विनोदावर नव्हे तर ‘बरं, निघतो मी’ असल्या साध्या वाक्यांनंतर येतं. हसणं हे मुळात एकमेकांना दिलेलं आश्वासन आहे, आपण एका बाजूचे आहोत, असं. रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत एकत्र खदखदून हसल्यानंतर लोकांची वेदना सोसण्याची ताकद वाढलेली दिसली. शरीर स्वतःच तयार करत असलेली वेदनाशामकं, एंडॉर्फिन, त्यामागे असावीत असा त्यांचा तर्क आहे.

मुंबईत १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी बागेत सुरू केलेला हास्यक्लब याच कारणाने टिकला, असं मला वाटतं. सुरुवातीला विनोद सांगत, ते संपले. मग विनोदाशिवाय नुसतं हसायचं ठरलं. ओढूनताणून काढलेलं हा-हा-हो-हो चार माणसांत खरं होऊन जातं. एकट्याने आरशासमोर करून बघा, दोन मिनिटांत स्वतःचीच लाज वाटते.

म्हणून ज्या ऑफिसात ‘हसतमुख राहा’ची पाटी आहे पण दोन माणसं चहाला एकत्र उठली की साहेब घड्याळ बघतात, तिथे हसण्याचा खरा फायदा साहेबांनीच बंद करून ठेवलेला असतो. घामाघूम होऊन आलेल्या कारकुनाला शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे वळून एकदा डोळे फिरवता येणं, हे तणावमुक्तीच्या वर्कशॉपपेक्षा स्वस्त आहे.

मग काउंटरवर बसलेल्याने काय करायचं?

हसायचंच असेल तर वेळ निवडून. भांडणारं गिऱ्हाईक समोर असताना हसू चिकटवून ठेवण्यापेक्षा, ते गेल्यावर. आधी जबडा सैल सोडा. राग गिळताना दात किती आवळले होते ते तेव्हा कळतं. नाकाने श्वास घ्या, वर अजून थोडा घ्या, आणि तोंडाने सावकाश, लांबवत सोडा. स्टॅनफर्डमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज पाच मिनिटं असा उसासा टाकणाऱ्यांचा मूड ध्यान करणाऱ्यांपेक्षाही जास्त सुधारला होता. श्वास लांबवून सोडला की हृदयाची गती मंदावते. त्यासाठी कशावर श्रद्धा लागत नाही. त्यानंतर एखादी खरोखर हसू आणणारी गोष्ट आठवा, शेजारच्याला सांगा, मोबाइलमधला पोरीचा फोटो बघा. चेहऱ्याला सोबत येऊ द्या.

दुसरी गोष्ट जरा अवघड, पण जास्त टिकणारी: आतलं वाटणं बदलणं. काउंटरवर आवाज चढवणारे आबा चोपड्याकडून दोन बस बदलून आलेत. मृग तोंडावर आहे, बियाणेवाला उधार देत नाही, आणि कागद पुरा नाही म्हणून हा त्यांचा तिसरा हेलपाटा. ते तुमच्यावर रागावलेले नाहीत, घाबरलेले आहेत. हे मनात आलं की ‘‘बसा आबा, पाणी घ्या, सर्व्हर आला की तुमचंच आधी करतो’’ हे वाक्य नाटक न करता निघतं. त्यावर येणारं हसू, आलंच तर, शरीराला महाग पडत नाही. मात्र यालाही मर्यादा आहे. जो माणूस शिवीगाळ करतो, अंगावर येतो, त्याच्याबद्दल समजूतदारपणा दाखवण्याची जबाबदारी कारकुनाची नाही. तिथे मॅनेजरने केबिनबाहेर आलं पाहिजे.

आणि इथे गोष्ट चेहऱ्यावरून कामाच्या मांडणीवर येते. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेलं सूत्र आजही वापरात आहे: सगळ्यात घातक काम ते, ज्यात मागणी खूप आणि हातात अधिकार काहीच नाही. लंडनमधल्या सरकारी नोकरांवर मायकेल मार्मॉट आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रदीर्घ अभ्यासांत हृदयविकार वरच्या साहेबांपेक्षा खालच्या पायरीवरच्या नोकरांत जास्त निघाला, आणि स्वतःच्या कामावर ताबा नसणं हे त्यामागचं एक मोठं कारण ठरलं. आपण समजतो, टेन्शन साहेबाला. हिशेब उलटा निघाला.

आपल्या कारकुनाकडे बघा. सर्व्हर त्याच्या हातात नाही, कर्ज मंजुरीचा नियम त्याचा नाही, रांगेत किती माणसं येतील ते त्याला ठरवता येत नाही, पण शिव्या मात्र त्याच्याच वाट्याच्या. दिवसाला किती अर्ज घेणार याचे टोकन सकाळीच वाटले, गर्दीच्या महिन्यात एक माणूस जास्तीचा बसवला, सर्व्हर बंद असल्याचं दारावरच लिहून ठेवलं, तर यातलं अर्धंअधिक भांडण होतच नाही.

साडीच्या दुकानातल्या मुलीसाठी तर उपाय त्याहून साधा आहे: स्टूल. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यावी, असा कायदा केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये केला. त्यासाठी केरळात सेल्सगर्लना आधी झगडावं लागलं होतं. दुखणाऱ्या पोटऱ्यांवर चढवलेलं हसू डोळ्यांपर्यंत जात नाही, हे दुकानदारालाही कळतं. त्याचा गैरसमज एवढाच असतो की उभी मुलगी चटपटीत दिसते.

राहिला प्रश्न, हसणं, श्वास, चहा हे सगळं पुरेनासं झालं तर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद घेतली. त्यांनी तो आजार म्हटला नाही, कामातून उद्भवणारी अवस्था म्हटलं. खुणा तीन: अंगातली ताकदच संपल्यासारखी वाटणं, कामाबद्दल तुसडेपणा येणं, आणि आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटत राहणं. त्याच्या जोडीला झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, सकाळी उठून कामाला जायच्या विचारानेच रडू येत असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर ते हसून लपवू नका. घरात एकाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा. छातीत दुखत असेल, डावा हात भरून येत असेल, तर ‘टेन्शन असेल’ म्हणत बसू नका, थेट दवाखाना गाठा. मनाच्या त्रासासाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र कधीही लावता येतो, आणि मराठीत बोलता येतं.